चारचा सामना

सामना दुपारी चारला असला, तरी टीम मॅनेजरच्या हातातल्या कागदावर चार हा आकडा ठळक नसतो. ठळक असतं ते शून्य. बाकी सगळं त्या शून्याच्या अलीकडे मोजायचं: बस मैदानावर पोहोचणं उणे नव्वद मिनिटं, खेळाडूंची अंतिम यादी उणे पंच्याहत्तर, वॉर्म-अप उणे पन्नास, राष्ट्रगीत उणे चार. मॅच कमिशनर हा तक्ता आदल्या दिवशीच्या बैठकीत दोन्ही संघांना देतो. त्याचं नाव काउंटडाउन. मिनिटं स्पर्धेगणिक थोडी मागेपुढे होतात, रीत तीच राहते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आशियातल्या १७ वर्षांखालील मुलींच्या पात्रता स्पर्धा झाल्या. तीन किंवा चार संघांचे आठ गट, प्रत्येक गट एकाच गावी खेळणार, आणि फक्त पहिला येणारा संघ २०२६ च्या आशियाई चषकासाठी चीनला जाणार. उत्तर कोरिया, जपान, दक्षिण कोरिया आणि यजमान चीन यांच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या. भारत 'जी' गटात होता. गाव बिश्केक, समोर यजमान किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान. तीन संघांच्या गटात प्रत्येकाला दोनच सामने मिळतात. महिनोन्‌महिने शिबिरं करायची आणि एकशे ऐंशी मिनिटांत निकाल लावून घ्यायचा.

खालचा दिवस कुणा एकीची डायरी नाही. अशा गटातल्या दुसऱ्या, निर्णायक सामन्याचा तो नमुना दिवस आहे. जिथे प्रत्यक्ष घडलेलं सांगायचं आहे, तिथे बिश्केकचं सांगते. मॅनेजरचाच दिवस निवडला, कारण प्रशिक्षकाच्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं आणि मॅनेजरचं नाव सहसा बातमीच्या शेवटच्या ओळीतही नसतं.

पहाटे साडेपाच. मुली अजून दोन तास झोपतील. मॅनेजरबाई उठतात त्या किटच्या खोलीसाठी. हॉटेलातली एक जादा खोली जर्सी, चेंडू, बिब, शंकू, पाण्याच्या बाटल्या आणि औषधांच्या पेट्यांनी भरलेली असते. सामन्याचे रंग बैठकीत ठरलेले असतात: दोन्ही संघांचे, दोन्ही गोलकीपरांचे आणि पंचांचे, असे पाच रंग एकमेकांत मिसळता कामा नयेत. प्रत्येक जर्सी उलगडून नंबर पाहायचा आणि यादीवर खूण करायची. नंबर नसलेल्या दोन कोऱ्या जर्सी वेगळ्या ठेवायच्या, कारण रक्ताचा डाग लागला तर पंच त्या जर्सीत खेळू देत नाहीत.

शॉर्ट्सचं मात्र नुसती खूण करून भागत नाही. पांढरी शॉर्ट्स दिसायला छान, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला पाळीच्या दिवशी ती घालून टीव्हीसमोर पळायला लावणं म्हणजे तिचं निम्मं लक्ष चेंडूवरून काढून घेणं. मोठ्या बायकांनाही हे उघड बोलायला किती वर्षं लागली. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ च्या विश्वचषकाआधी पांढरी सोडून निळी शॉर्ट्स घेतली. भारताचा रंग मुळातच निळा, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याचदा आपोआप सुटतो. तरी रंगाची अदलाबदल करायची वेळ आली, तर पर्यायी संचात कोणती शॉर्ट्स आहे हे बघणारी बाई मॅनेजर असली की बरं, असं माझं मत आहे.

साडेसात. न्याहारी. त्याआधी फिजिओ प्रत्येकीला तेच चार प्रश्न विचारते: झोप कशी झाली, कुठे दुखतंय का, पोट कसं आहे, पाळी आली आहे का. उत्तरं वहीत जातात आणि वही फिजिओपाशीच राहते. खेळाडूला कमी पळवायचं की नाही हे प्रशिक्षकाला कळतं, का ते प्रत्येक वेळी कळायची गरज नसते.

जेवणाचं बोलणं आदल्या रात्रीच आचाऱ्याशी झालेलं असतं. मध्य आशियातल्या स्वयंपाकघरात तांदूळ असतो, पण तो मांस आणि गाजराबरोबर तेलात शिजवलेल्या पालोवासाठी. शेवया म्हटलं की लग्मान पुढे येतं. दोन्ही चवीला उत्तम, सामन्याच्या दिवशी दोन्ही नकोत. साधा भात, उकडलेली अंडी, केळी, बिनतिखटाचं कोंबडीचं काहीतरी, एवढंच हवं असतं. आचाऱ्याला ते पाहुण्यांचा अपमान केल्यासारखं वाटतं आणि तो आपल्या मनाने एखादा मसालेदार पदार्थ वाढवतोच. मॅनेजरबाई हसून आभार मानतात आणि ते भांडं अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे सरकवतात. मुलींच्या बॅगांतून लोणच्याच्या बाटल्या निघतात, त्यांकडे काणाडोळा होतो.

नऊ. हॉटेलच्या आवारात वीस मिनिटं चालणं. बिश्केक साधारण आठशे मीटर उंचीवर आहे, दक्षिणेला अला-तूच्या डोंगररांगा, आणि ऑक्टोबरची सकाळ गार. जॅकेट विसरलेली एक तरी असतेच. घड्याळ मात्र भारताच्या फक्त अर्धा तास पुढे. त्यामुळे झोपेचं गणित बिघडत नाही, पण आई-वडिलांचे फोनही नेमके भलत्या वेळी येतात.

फोन हा नाजूक विषय आहे. काही संघ सामन्याच्या दिवशी फोन काढून घेतात, काही ठरावीक तास देतात. मला दुसरी पद्धत पटते, आणि त्याचं कारण शिस्तीपेक्षा वेगळं आहे. घरापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या अल्पवयीन मुलीपाशी बाहेरच्या जगाशी बोलायचा एक रस्ता कायम उघडा असला पाहिजे, आणि तो संघातल्या कुठल्याही मोठ्या माणसाच्या हातात नसावा. हे नुसतं तत्त्व म्हणून मी सांगत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात भारताचा १७ वर्षांखालील मुलींचा संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना एका सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून परत पाठवण्यात आलं, पदावरून काढण्यात आलं आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. विश्वचषक तोंडावर आला होता आणि तो भारतातच होणार होता. तेव्हापासून 'मुलींच्या मजल्यावर कोण जाऊ शकतं' हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेत नाही.

म्हणून मॅनेजरबाईंच्या सकाळच्या कामात हेही येतं: मसाज बंद दाराआड होत नाही, पुरुष सहकारी मुलींच्या खोलीत जात नाहीत, डॉक्टरने तपासताना दुसरी बाई हजर असते, आणि तक्रार कुणाकडे करायची हे प्रत्येक मुलीला तोंडपाठ असतं. हे रोजच्या रोज पाळायला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि बाई-माणसं लागतात. ज्या संघटना खर्च वाचवायला प्रवासातल्या ताफ्यात एकच बाई पाठवतात, त्या नक्की काय वाचवतात ते कळत नाही.

साडेदहा. संघाची बैठक. पडद्यावर समोरच्या संघाच्या कॉर्नर किक, बारा-पंधरा मिनिटांच्या वर काही नाही, कारण त्यापुढे सोळा वर्षांचं लक्ष टिकत नाही. बिश्केकला भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन होते. त्यांची इंग्रजी मुलींपर्यंत हिंदीतून पोहोचायची, आणि तिथून पुढे शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण ती आपल्या भाषेत कुजबुजायची. झारखंड, बंगाल, मणिपूर, तमिळनाडू अशा चहूकडच्या मुली एका खोलीत असल्या की ही कुजबुज थांबवायची नसते.

बैठकीत मॅनेजरबाई मागे बसतात आणि नियमावलीचं एक पान पुन्हा वाचतात. गुण समान झाले तर आधी आपसातला सामना बघायचा, मग आपसातला गोलफरक, मग पुढचं. आणि शेवटच्या सामन्यात समोरासमोर असलेले दोन संघ सगळ्याच बाबतींत बरोबरीत आले, तर तिथल्या तिथे पेनल्टी शूटआउट. गटसाखळीच्या सामन्यानंतर पेनल्टी होऊ शकते हे पुष्कळ प्रेक्षकांना ठाऊक नसतं. पेनल्टी घेणाऱ्या पाच जणींची नावं प्रशिक्षकाकडून आत्ताच लिहून घ्यायची, मैदानावर गोंधळात विचारायची नाहीत.

बाजूच्या पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट. ती पिशवी दिवसभर त्यांच्या खांद्यावरून उतरत नाही. या चषकासाठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलगीच चालते. एका दिवसाने मोठी असली तरी दार बंद.

बारा. सामन्याआधीचं जेवण, किक-ऑफच्या चार तास आधी. कुणी फारसं बोलत नाही, कुणी फारसं खातही नाही. अर्ध्या तासात आटोपतं.

नंतरचा दीड तास सगळ्या दिवसातला अवघड. मुलींना विश्रांती सांगितलेली असते आणि कुणालाच झोप येत नाही. अनुभवी मॅनेजर या वेळात मजल्यावर काहीही नवं घडू देत नाही. भेटायला आलेले दूतावासाचे पाहुणे खाली लॉबीत चहा पितात. संघटनेच्या कुणा पदाधिकाऱ्याला व्हिडिओवर मुलींना शुभेच्छा द्यायच्या असतात, त्यांना सामन्यानंतरची वेळ मिळते. या मुलींवर देशाचं काय काय अवलंबून आहे हे सांगायला बाहेर रांग लागलेली असते आणि मॅनेजरबाई दारात उभ्या राहून ती रांग मागे सारत असतात. सामन्याच्या दिवशी काहीही लक्षात राहण्यासारखं घडू नये, हीच त्यांची धडपड. दिवस जेवढा कंटाळवाणा, तेवढा त्यांचा.

दोन. बस निघते. पुढे पोलिसांची गाडी. कोणी कुठे बसायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, ते बदललं की अपशकुन. मोजणी दोनदा: चढताना एकदा, सुटताना एकदा. तेवीस.

अडीच, म्हणजे उणे नव्वद. बिश्केकचं दोलेन ओमुरझाकोव स्टेडियम हे किर्गिझस्तानचं राष्ट्रीय मैदान. मुली गवत पायाने चाचपायला जातात, लांब स्टड की आखूड हे ठरवतात. मॅनेजरबाई कागद घेऊन बसतात. अकरा नावं, बदली खेळाडू, कर्णधार, गोलकीपर, बाकावरचे अधिकारी. प्रत्येक नावापुढचा नंबर सकाळी तपासलेल्या जर्सीशी पुन्हा जुळवायचा. या कागदावर सही झाली की चूक आपली. ज्या मुलीचं नाव नाही, ती कितीही मोठी खेळाडू असो, प्रेक्षकांत बसते. म्हणून सही करण्याआधी त्या यादी एकदा मोठ्याने वाचतात, सहायक प्रशिक्षक ऐकतो.

सव्वातीन. बाहेर वॉर्म-अप चालू, आत साहित्याची तपासणी. फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार अंगावर कुठलाही दागिना चालत नाही, आणि वर टेप चिकटवून झाकलेलाही चालत नाही. आपल्या मुलींच्या बाबतीत हे प्रकरण लांबतं. नाकातली चमकी, कानातले खडे, आजीने बांधलेला काळा धागा, देवीचा गंडा. धागा कापायला मुलगी तयार नसते. डोळ्यांत पाणी येतं. मॅनेजरबाई हे मैदानावर होऊ देत नाहीत, शिबिरातच आईला फोन लावून आईच्या तोंडून 'काढ' म्हणवून घेतात. कापलेला धागा पाकिटात घालून त्यावर नाव लिहितात.

या तपासणीत पूर्वी याहून कितीतरी मोठी गोष्ट अडली होती. जून २०११ मध्ये अम्मानला लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत इराणच्या महिला संघाला हिजाबच्या कारणावरून जॉर्डनविरुद्ध खेळूच दिलं नाही आणि सामना जॉर्डनला बहाल झाला. राष्ट्रगीतानंतर मैदानावर रडणाऱ्या त्या खेळाडूंची छायाचित्रं जगभर गेली. २०१४ मध्ये नियम बदलला, डोकं झाकायची रीतसर परवानगी मिळाली. आज आशियातल्या मुलींच्या सामन्यात एका संघात चार जणी डोकं झाकून आणि सात जणी वेण्या घालून उभ्या असतात आणि पंच त्यांच्या फक्त शिनपॅडकडे बघतात.

चार. शून्य.

आता मॅनेजरबाईंच्या हातात जवळजवळ काहीच नसतं. पाच बदली खेळाडू, आणि मध्यंतर सोडून तीनच वेळा थांबवून ते उतरवायचे. बदलीची चिठ्ठी भरायची, चौथ्या पंचांना द्यायची, कोणत्या थांब्यात किती वापरले हे टिपत राहायचं. गोल झाला तरी त्यांची मान आधी घड्याळाकडे वळते.

१७ ऑक्टोबर २०२५ ला बिश्केकमध्ये उझबेकिस्तानने पूर्वार्धात गोल केला. भारत त्याआधी किर्गिझस्तानला २-१ ने हरवून आला होता. मध्यंतराला ०-१. ड्रेसिंग रूममधली ती पंधरा मिनिटं कशी गेली हे तिथे असलेल्यांनाच ठाऊक. बाहेरून दिसलं ते एवढं: ५५ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या थंडामणी बास्केने बरोबरी केली, ६६ व्या मिनिटाला अनुष्का कुमारीने दुसरा गोल केला, आणि उरलेला वेळ भारताने ती आघाडी राखली. २-१.

तारखेचा योगायोग बघा. बरोबर तीन वर्षांपूर्वी, १७ ऑक्टोबर २०२२ ला, भुवनेश्वरमध्ये याच वयोगटाचा भारतीय संघ विश्वचषकातला शेवटचा सामना ब्राझीलकडून ०-५ ने हरला होता. त्याआधी अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. ती जागा यजमान म्हणून मिळाली होती. विश्वचषक पुढे मडगावात, नवी मुंबईत रंगला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवून तो जिंकला, आणि आपल्याकडे चर्चा काय, तर आपल्या मुलींना खेळताच येत नाही. मला तेव्हाही ते अन्यायाचं वाटलं होतं. पात्रता फेरीच्या भट्टीतून न जाता थेट अमेरिकेसमोर उभं केलेल्या मुलींकडून दुसरं काय होणार होतं? आशियाई चषकात या वयोगटाचा भारतीय संघ त्याआधी एकदाच, २००५ मध्ये दिसला होता, आणि तेव्हा पात्रता फेरी नव्हती. जागा खेळून मिळवली ती बिश्केकलाच, पहिल्यांदा.

त्याच वर्षी जुलैत मोठ्या बायकांच्या संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आणि ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालील संघाने म्यानमारला यांगूनमध्ये हरवून आपापल्या आशियाई चषकाची जागा मिळवली होती. तिन्ही संघ एकाच वर्षी. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर याला किती जागा मिळाली ते वाचकांनी आठवून बघावं.

सहा. मैदानावर नाच चालू असतो आणि मॅनेजरबाई दोन मुलींना शोधत असतात. उत्तेजक चाचणीसाठी नावं निघाली असतील, तर खेळाडूला निरोप मिळाल्यापासून नमुना देईपर्यंत एक क्षण एकटं सोडायचं नाही. खेळाडू अल्पवयीन असली की सोबत संघाचं मोठं माणूस लागतं. नमुना किमान ९० मिलिलिटर हवा. नव्वद मिनिटं धावून घामाने कोरडी झालेली मुलगी बंद पाण्याच्या बाटल्या पीत बसते, तास जातो, दीड तास जातो. बाहेर मैत्रिणींची गाणी ऐकू येत असतात. मॅनेजरबाई तिच्याशी शाळेबद्दल बोलतात.

पत्रकारांकडे कोणाला पाठवायचं हेही त्याच ठरवतात. गोल करणारीला सगळे मागतात. ती बोलायला तयार आहे का, कोणत्या भाषेत, किती मिनिटं, शेजारी कोण उभं राहणार, हे आधी ठरतं, मग ती जाते.

आणि बोगद्यातून दुसरा संघ जातो. हरलेल्या संघाच्या मॅनेजरचा दिवस याच तक्त्याने झालेला असतो, तेवढ्याच जर्सी मोजून. वयोगटाच्या फुटबॉलमध्ये 'पुढच्या वेळी बघू' या वाक्याला फारसा अर्थ नाही. या वयोगटाचा विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी होऊ लागला, सलग पाच वर्षं मोरोक्कोत, पण पुढच्या फेरीत पुढच्या वर्षी जन्मलेल्या मुली असतील. २००९ च्या मुलींचं १७ वर्षांखालचं फुटबॉल इथे, या बोगद्यात संपलं. दोन मॅनेजर एकमेकींशी हात मिळवतात, संघांच्या पताका बदलतात. एकीला बस लवकर हवी असते.

आठ. हॉटेल. आता आचाऱ्याचा पालोव सगळ्यांना चालतो, परातीच्या पराती संपतात. केक कापला जातो. पदाधिकाऱ्यांचा व्हिडिओ लागतो आणि कुणी ऐकत नाही.

साडेदहा. मळक्या जर्सी पोत्यात, पोतं धोबीखान्यात, पावती पासपोर्टच्या पिशवीत. फिजिओकडून दुखापतींची यादी. सामन्याचा अहवाल, खर्चाचा हिशोब, परतीच्या विमानाच्या वेळा, पालकांच्या गटावर एकच संदेश: सगळ्या सुखरूप, जेवल्या, झोपायला गेल्या. तो गेल्यावर पहिली पाच मिनिटं फोन थरथरत राहतो.

मग लॅपटॉपवर पत्रं. संघात दहावी-अकरावीच्या मुली आहेत, सहामाही परीक्षा बुडाल्या आहेत, आणि चीनला जायचं म्हणजे पुढचं शिबिर वार्षिक परीक्षेच्या आसपास येणार. प्रत्येक मुख्याध्यापकांना वेगळं पत्र, राज्यागणिक वेगळा मंडळाचा नियम. 'सदर विद्यार्थिनी राष्ट्रीय कर्तव्यावर असल्याने तिची हजेरी ग्राह्य धरावी व फेरपरीक्षेची तारीख कळवावी, ही विनंती.' नाव बदलायचं, इयत्ता बदलायची, सही करायची. तेवीसपैकी अकरा पत्रं झाल्यावर त्या दार उघडून मजल्यावर एक फेरी मारतात. तीन खोल्यांत अजून दिवे आहेत. दार वाजवून सांगावं लागतं.